बल्ब तुटू देऊ नका

"स्वल्प सावकाश," अक्का म्हणायच्या. रिक्षावाल्याला, कॉफी ओतणाऱ्याला, लग्नाची घाई झालेल्या विद्यार्थिनीला, सगळ्यांना तेवढंच. म्हणताना उजव्या हाताचा तळवा पालथा करून हवेतच काहीतरी दाबल्यासारखं करायच्या. स्वल्प म्हणजे जरासं, हे नागपूरहून बंगळुरूत आल्यावर मला त्यांच्याकडूनच कळलं.

आम्ही दोघी एका मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायचो. त्या विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. मी शहराच्या पार टोकाच्या येलहंक्याहून धडपडत यायची आणि पोचेपर्यंतच अर्धी संपलेली असायची. त्या कॉलेजजवळच्या चामराजपेटेतच जन्मलेल्या, वडिलांचं चिकपेटेच्या बाजारात साड्यांचं दुकान. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. कॉलेजच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बसमधून उतरले की मी आधी त्यांच्याकडे कॉफी प्यायची आणि मग दोघी विच्छेदनाच्या हॉलमध्ये, प्रेतं टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या वासात शिरायचो. त्या वासाने माझं डोकं उठायचं. अक्का मात्र आत पाऊल टाकताच खोल श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "आज टाकीचं झाकण नीट लावलेलं नाही." जाऊन पाहावं तर खरंच लावलेलं नसायचं.

तुमच्याही ऑफिसात एका गोष्टीचं वेड घेतलेलं माणूस असेल. अक्कांचं वेड म्हणजे घ्राणकंद. आम्ही त्याला नुसतं बल्ब म्हणतो. मेंदूच्या पुढच्या भागाखाली, डावीउजवीकडे एकेक. काडेपेटीतली काडी डोळ्यांसमोर आणा: बारीक दांडी आणि टोकाला फुगीर बोंड. बोंडाखाली चाळणीसारखं हाड असतं. नाकातून निघालेले वासाचे धागे त्याच्या भोकांतून वर येतात आणि बल्बात शिरतात. एका जातीच्या वासाचे धागे ठरलेल्या गुच्छातच जातात आणि तिथून वासाची ओळख सुरू होते.

कवटी उघडून मेंदू बाहेर काढताना मुलं घाई करतात. हिसका बसला की मेंदू हातात येतो आणि बल्ब हाडावरच राहतो. दरवर्षी हेच, आणि दरवर्षी अक्कांचा जीव खालीवर. त्या स्कालपेलची मूठ बल्बाखाली हलकेच सरकवून तो सोडवून दाखवायच्या. "स्वल्प सावकाश. एक दिवस मीही याच टेबलावर येणार आहे. तेव्हा तरी बल्ब तुटू देऊ नका." मुलं हसायची. मीही हसायची.

मग एकदा कॉलेजच्या जिन्यात त्यांचा पाय घसरला आणि डोकं मागून आपटलं. टाके पडले, बाकी सगळं ठीक निघालं. चार दिवसांनी मी त्यांच्याकडे कॉफी पीत होते, तर त्या कप नाकाशी धरून नुसत्या बसलेल्या.

"वास नाही गं," त्या म्हणाल्या. "मेंदू आतल्या आत सरकला, चाळणीपाशी धागे तुटले. आपली मुलं हिसडतात ना, तसंच कुणीतरी मला हिसडलं."

इतकं नेमकं निदान स्वतःचं करणाऱ्या माणसाला धीर तरी काय द्यायचा?

मुलगा धावत आला. गॅस उघडा राहिला तर आईला कळणार नाही, हे त्याने बरोबर हेरलं. "दिवाळीपर्यंत वास आला तर राहा इथे. नाही आला तर पुण्याला चल." अक्का "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. नाकाला सराव म्हणून गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा अर्कांच्या चार बाटल्या आणल्या. सकाळी मी एकेक त्यांच्या नाकाशी धरायची. डोळे मिटून त्या हुंगायच्या, आठवायच्या आणि मान हलवायच्या. दूध नासलं का, भात करपला का, हे तोवर माझ्या नाकाने ठरायचं. खरं सांगते, मला कंटाळा यायचा. पण त्यांचा चेहरा पाहिला की कंटाळ्याचीच लाज वाटायची.

गणपती झाल्यावर एका सकाळी त्यांनी दारातच माझा हात धरला. "आला! कॉफीला करपल्याचा वास येतोय. लवंगेलाही, साबणालाही. घाण आहे, पण आला!"

धागे पुन्हा वाढतात, पण वाट चुकतात, असं त्यांनी मला खुशीत समजावलं. "चिकपेटेत नवखा माणूस साड्यांच्या दुकानाऐवजी खिळ्यांच्या दुकानात शिरतो, तसं. शिकतील हळूहळू." एरवी अशा वासाने माणसाला जेवण जात नाही. अक्का त्या घाण वासाची कॉफी दोन कप प्यायल्या.

दिवाळी आठवड्यावर आली होती. रविवारी त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसल्या. करपल्याचा वास आला. रोजच यायचा. आज जरा जास्त येतोय म्हणून त्या मनातून सुखावल्यासुद्धा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार बडवलं तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलेलं होतं.

भांडं जळालं, ओट्यामागची भिंत काळी झाली, एवढंच. मी सोमवारी भिंत घासत म्हटलं, "अक्का, मुलाला कशाला सांगायचं? वास तर आलाय ना?"

"वास आलाय, पण खरा कुठला आणि खोटा कुठला, ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "खाली लहान मुलं राहतात गं." मग माझ्यासमोरच त्यांनी पुण्याला फोन लावला. "सरी. येते मी," एवढंच बोलल्या आणि पदराने डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पुण्याहून त्यांचा फोन यायचा. "आज हॉलमध्ये टाकीचं झाकण लावलंय का?" मी हुंगून सांगायची. कॉफीला कॉफीचा वास आला का, हे मी विचारायची. "धागे शिकतायत," त्या म्हणायच्या.

या पावसाळ्यात त्या गेल्या. मुलाने त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं, पण पुण्यातच, तिथल्या एका कॉलेजात. इतक्या लांब आणणं शक्य नव्हतं, हे मलाही कळतं.

आमच्या हॉलमध्ये आता स्कालपेलची मूठ माझ्या हातात असते. दमलेली असले तरी तेवढ्या वेळापुरती घाई करत नाही. मुलं वाकून पाहत असतात आणि मला मात्र पुण्यातलं ते टेबल दिसतं. तिथली मुलं कवटी उघडतील. त्यांना या बाई कोण होत्या ते माहीत नसेल, स्वल्प म्हणजे काय तेही माहीत नसेल. कुणीतरी त्या मुलांचा हात धरून नुसतं सावकाश म्हणावं, एवढंच वाटतं.