टपावरचा एशी आन् बुडातला धूर

न्हाय मालक, जनरेटरच्या धुराचा पाइप खालीच ऱ्हाऊ द्या म्हनताय, ते मला पटत न्हाय. टपावर पाइप दिसला की गाडीचं रूप जातंय म्हनं! तुमी सात रस्त्याच्या चौकात हापिसात बसून रूप बगा. आत झोपनाऱ्यानं काय करायचं?

ऐकलंस का रामा, मालकाला फोनवर एवढंच बोललो, त्येनं फोन ठिवला. तू वेल्डर हायस, तुला कळंल. ही भाड्याची घरगाडी, आत पलंग, शेगडी, टपावर गार हवेचा एशी. चालवाया लागल्यापास्नं असलं किस्सं इतकं साटलं की सांगाया तोंड पुरत न्हाय. आन् समदं करंटापायी.

पयल्या खेपंला निस्ती बॅटरी हुती. एशी तासभर चालायचा, बास. गिऱ्हाईक देवाला गेलं अक्कलकोटात. गाडी गार ऱ्हावी म्हनून एशी चालू ठिवून गेलं! आलं तवा बॅटरी मेलेली, आत भट्टी. मला इचारतंय, गार हवा कुटं गेली? म्हनलं, "रिकाम्या पलंगानं खाल्ली."

मंग मालक म्हनला, कुनाच्या तरी घरातनं वायर घेत जा. मैंदर्गीत एका कानडी म्हातारीकडं घेतली. एशी लावला तसा तिचा पंखा रांगाया लागला, वायर तापून हातात धरवंना. म्हातारीनं प्लग उपसला. "साकु," म्हनली, म्हंजी बास. "तुजी गाडी गार कराया माजं घर पेटवतूस व्हय?"

कुर्डुवाडीला गिऱ्हाईक नवरा-बायकूनं एका वायरीवर एशी आन् करंटाची शेगडी संगं लावली. खटका पडला. मी उचलला, परत पडला. मी म्हनलं, एका वक्ती एकच. नवरा म्हनला एशी, बायकू म्हनली शेगडी. शेवटी ती म्हनली, "घामानं मरायचं तर जेवून मर."

ह्या कटकटीला इटून मालकानं गाडीच्या बुडाला जनरेटर बशिवला. धुराचा पाइप मागं, खाली.

आता ह्यो ऐक. दुपारचं ऊन, एक बाळंतीन लेकराला घिऊन म्हायेरला निघालेली. नवरा बाजारात गेला, जाताना सांगून गेला, जनरेटर लई वरडतोय, लेकरू झोपत न्हाय. मी गाडी भिताडाला पाट करून लावली. जनरेटरला चारी बाजूनं वली पोती बांदली, माटाला बांदतो तशी. आवाज बसला. लेकरू बी गप झालं. मला बरं वाटलं. झाडाखाली बसून तमाकू मळली.

मंग ध्येनात आलं, लेकरू लईच गप हाय. दार वाजिवलं, आतनं हूं न्हाय का चूं न्हाय. दार उगडलं. आत गारेगार, आन् धुराचा वास. तिची मान पडलेली. लेकरू वढलं भाईर, मंग तिला. लिंबाखाली निजवलं, तोंडावर पानी मारलं. लेकरू रडंना. त्येची पाठ चोळत ऱ्हायलो, रामा. किती येळानं रडलं ते मला म्हाईत न्हाय.

तिनं डोळं उगडलं. डोकं धरून म्हनली, "दादा, एशी लई झ्याक हाय बगा तुमचा. पडल्या पडल्या झोप लागली."

उद्या धा वाजता दुसरं बिऱ्हाड बसनार हाय. मालकाला इचारायचं न्हाय. तुजं वेल्डिंगचं मशीन काड, धुराचा पाइप टपाच्या वर ने. आत्ताच.