अझारला परत आणू नकोस

सालोमी शाळेत गणित शिकवायची, पण आगाशीच्या वाड्यांमधून तिचं नाव झालं ते अझारमुळे. अझार हा तिच्या कल्पनेतला देवदूत. त्याची अद्भुतकथा पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, मासिकात क्रमशः येत होती. आकाशातल्या विहिरींची राखण करायची सोडून त्याने त्यांचं पाणी पाताळाच्या राजाला विकलं आणि पंख गमावून तो खाली कोसळला. आता शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

हा देवदूत कोण, ते गावाने केव्हाच ओळखलं होतं. सालोमीचा थोरला भाऊ युजीन टँकरवाला. नव्या इमारतींसाठी त्याने वाडीतल्या विहिरी इतक्या उपसल्या, की त्यांना खारं पाणी लागलं. केळी करपल्या, पानवेली गेल्या. वडिलांनी, आग्नेलबाबांनी, त्याला घराबाहेर काढलं. तेव्हापासून तो गोखिवऱ्याला राहायचा.

२००३च्या उन्हाळ्यात एका रविवारी तो अचानक दारात उभा राहिला. हातात मासिकाची गुंडाळी. सालोमीने आधी मागे वळून पाहिलं. बाबा मागच्या पडवीतच होते.

"शेवट लिहिलास?"

"हळू बोल, दादा. आज लिहिणार आहे."

"परत आणणार त्याला?"

संपादक हिलरी सरांनी तिला आधीच बजावलं होतं, की देवदूताची निवड कायमची असते, पडला तो पडला. तरी तिचं ठरलं होतं. "हो. आणणार."

"नको आणूस." युजीनच्या कपाळावर घाम होता. "त्याला कुणी ढकललं नव्हतं, सालू. तो आपल्या पायांनी गेला. परत यायचं तर तेही त्यालाच ठरवू दे. तू त्याला उचलून दारात ठेवशील, लोक खूश होतील. पण त्याला यायचंच नसेल तर?"

"तुला यायचं नाही?"

तो काही बोलणार, तोच मागचं दार करकरलं. बाबा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मागे हे दोघे समोरासमोर आले तेव्हा बाबांनी कोयता उचलला होता. सालोमी घाईने मध्ये शिरली.

"बाबा, तो निघालाच आहे."

"तू बाजूला हो."

त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यांनी पुढे केला. "पी. आपल्या विहिरीचं आहे."

पहिल्याच घोटाला युजीनचं तोंड वाकडं झालं. पेला खाली ठेवून तो निघून गेला असता, तर कुणी अडवलं नसतं. पण त्याने तो संपवला. "ज्या विहिरी अजून गोड आहेत," तो म्हणाला, "त्यांना माझा पंप लागणार नाही."

"बघू," म्हणून बाबा आत गेले. त्याला बसही म्हणाले नाहीत.

दुपारभर सालोमी लिहीत होती. तिच्या कथेत अझारला कुणी हाक मारली नाही, पंखही परत मिळाले नाहीत. तो आकाशाची चढण पायी चढू लागला.

"हे धर्मशिकवणीत बसत नाही, टीचर," प्रकरण वाचून हिलरी सर म्हणाले.

"ते आकाश वेगळं, सर. हे माझ्या गोष्टीतलं आहे. इथे पडलेल्याला उठता येतं. उचलून मात्र कुणी घेत नाही."

कुरकुर करत त्यांनी ते छापलं.

युजीनने पंप काढले, पावसाळ्याआधी टँकरही विकले आणि एका कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागला. गावाने त्याला माफ केलं नाही, कित्येक जण अजून तोंड फिरवतात. नाताळला मात्र तो न बोलावता घरी आला. बाबांनी त्याला बस म्हटलं नाही, पण ते त्याच्याच पंगतीला बसून जेवले. सालोमीने दोघांना वाढलं.