भिंतीपलीकडचा नथू

तिकोणा पेठेत महिपती आणि हौशीराम या भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा राहत्या घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. थोरला महिपती त्यानंतर फार जगला नाही. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको धोंडाबाई आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेणार अशी कुणकुण लागली, तशी हौशीरामाची झोप उडाली. भावाचं भातखाचर परगावच्या पोराच्या नावावर चढणार! त्यानं आपला धाकटा नथू पुढं केला. बायकोला, कस्तुराबाईला, म्हणाला, "पोरगं कुटं लांब चाललंय? भिंतीपल्याड तर ऱ्हाणार. आन रानबी घरातच ऱ्हाईल."

कस्तुराबाईला तेव्हा ते पटलं. हौशीरामानं पाणी सोडून नथूला भावजयीच्या ओटीत घातलं. वडगावच्या कचेरीत दत्तकपत्राची नोंद झाली.

मग भिंतीपलीकडचे आवाज यायला लागले. नथू खोकला की कस्तुराबाई ओव्याची पुरचुंडी घेऊन धावायची, तर धोंडाबाईनं त्याची छाती आधीच शेकलेली असायची. धोंडाबाईनं त्याच्या कानात बाळ्या घातल्या, नवी बंडी शिवली. तो तिला आई म्हणायला लागला आणि कस्तुराबाईला काकी. तो शब्द कानी आला की कस्तुराबाईच्या अंगाची लाही व्हायची. पाणवठ्यावर ती येईल त्या बाईला सांगायची, "नऊ म्हैनं मी वागवला, आन आई ही झाली!"

मानमोडीच्या तापाच्या साथीत हौशीराम गेला. पाठोपाठ थोरला मुलगा मारुतीही गेला. घर ओस पडलं. जरा उभं राहायचं बळ आलं तशी कस्तुराबाई धोंडाबाईच्या दारात गेली.

"जाऊबाई, माजा नथू मला माघारी द्या."

धोंडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नथूच्या खांद्यावरचा हात तिनं काढला नाही. "कस्तुरा, दुसरं काय बी माग. पोर कसं दिऊ? माजं तरी दुसरं कोन हाय?"

कस्तुराबाई वडगावला वकिलाकडं गेली. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. "बाई, दत्तक गेलेला मुलगा परत येत नाही. तुम्हाला त्याला फिरून दत्तकही घेता येणार नाही. कोर्ट त्याची पालक म्हणून धोंडाबाईलाच मानणार." तिचा चेहरा बघून तो धीर द्यायला म्हणाला, "पण तुमच्यामागं तुमची जमीन त्यालाच मिळेल. मुलगा म्हणून नाही, तुमच्या यजमानांचा पुतण्या म्हणून."

"म्हंजी धोंडाबाईचा पोरगा म्हनून?"

"कायद्यानं, हो."

त्या धीरानंच घात केला. आपला नवरा, आपला मारुती ज्या रानात राबले, ते रानही जावेच्या लेकाला! घरी पोचेतो तिचा बेत पक्का झाला होता. कुसगावला तिच्या भावाला, गेणूला, तीन मुलगे होते. मधल्याला, अंबाजीला, तिनं दत्तक मागितलं.

गावच्या जाणत्यांनी समजावलं, "बाई, पोटच्या पोराच्या तोंडचा घास काढतीस."

"पोटचा न्हाई तो आता. वकिलानंच सांगितलंय."

दत्तविधानाला धोंडाबाई नारळ घेऊन आली. नथूनं मांडवात पत्रावळी मांडल्या आणि मूठभर साखर खाऊन हसत बाहेर पळाला. आपलं काय गेलं हे त्याला ठाऊकच नव्हतं. कस्तुराबाईला क्षणभर धस्स झालं. पण धोंडाबाईकडं नजर जाताच तिनं अंबाजीला मांडीवर आणखी जवळ ओढलं.

पोरांना वाटण्या कळत नव्हत्या. अंबाजी आणि नथू दिवसभर एकत्र गुरं राखायचे, पवनेच्या डोहात डुंबायचे. हळूहळू अंबाजी जेवायलाही पलीकडंच बसायला लागला. "थोरल्या काकीची भाकर लय मऊ आस्ती," एकदा तो सहज बोलून गेला.

कस्तुराबाई तशीच उठली. "माजं एक नेलंस, आता दुसरं बी नेतीस व्हय?" ती दारातूनच ओरडली. आजवर जावेला तिनं अगंतुगं केलं नव्हतं.

धोंडाबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. "मी कुनाला बलवायला गेलते? तू सकाळी येकदा चूल पेटवतीस, आन दिसभर कपाळाला हात लावून बसतीस. पोरानं खावं काय?"

ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं नदीचे मासे आणवले, मसाला वाटला, झणझणीत कालवण केलं आणि अंगणात उभं राहून अंबाजीला मोठ्यानं हाक मारली. अंबाजी आला. त्याच्यामागून, वासानं ओढल्यासारखा, नथूही आला आणि न विचारता पाटावर बसला.

"काकी, मला बी वाढ."

तिनं वाढलं. कालवण थोडं भुईवर सांडलं. पोरं बोटं चाटत जेवत होती. दाराचा एक पल्ला लोटलेला होता, तो कस्तुराबाईनं जाऊन पार मागं ढकलला. पलीकडच्या ओट्यावर धोंडाबाई भात पाखडत बसली होती. तिला सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे होतं.