काटेरी झुडपातल्या तीन चोची

"मावशी, तिथे बघण्यासारखं काही नाही, फक्त काटे आहेत," असं भाची मुग्धा फोनवर म्हणाली. मी त्याच दिवशी तिकीट काढलं. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं, त्याला चाळीस वर्षं झाली. मिशिगनमध्ये ॲन आर्बरला शिकणारी ही मुलगी टेक्सासच्या दक्षिण टोकाला ऑलिव्ह स्पॅरो या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास करते. यंदा तिची बाकीची घरटी साप आणि इतर पक्ष्यांनी फस्त केली होती. एकच उरलं होतं. त्यातली पिल्लं उडाली तरच तिचा मोसम कामी येणार होता.

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरून पहाटे निघून दोन विमानं, मग भाड्याची गाडी. रस्ते सरळ आणि ओसाड. पाणी भरपूर ठेवा. अंड्याचे टाको टपरीवरचेच खा. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, तिथलं प्रत्येक झुडूप ओरबाडतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रानात शिरलो. टाकलेला चेंडू टप्पे घेतो तसं गाणं आलं, आधी सावकाश, मग भराभर.

"तोच," मुग्धा कुजबुजली. "आता रूल ऐक. घरट्यापाशी थांबायचं नाही. चालत पुढे जायचं, वळसा घेऊन परत. नाहीतर आपल्या मागावर एखादं शिकारी जनावर तिथे येतं."

"एकदा सांगितलेलं कळतं मला."

गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळक्या गवताचा गोळा. वर छप्पर, बाजूला दार. आत तीन चोची. पुढे जाऊन दुर्बिणीतून पाहिलं, तर हिरवट पाठीचा, डोक्यावर तपकिरी पट्टे असलेला पक्षी अळी घेऊन दारात. कॉलेजात पेंढा भरलेले पक्षी पाहिले होते. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही.

"उद्या-परवा उडतील," मुग्धा म्हणाली.

दुपारी तिथून पन्नास पावलांवर डबा उघडला. दहीभात. जेवणाआधी कावळ्याचा घास बाजूला काढायची सवय आईपासूनची. काढला, दगडावर ठेवला. दोन मिनिटांत हिरवे-निळे, देखणे 'ग्रीन जे' पक्षी उतरले. मी कॅमेरा काढला. मुग्धाचा चेहरा पांढरा पडला.

"मावशी, हे कावळ्याचेच नातेवाईक आहेत. अंडी, पिल्लं, सगळं खातात."

मी धुळीतून शितं वेचली. बाकीचे उडून गेले, एक पक्षी मात्र गेला नाही. घरट्याच्या दिशेने फांदीफांदीने सरकत दिसेनासा झाला.

"आपण हाकलायचं का?"

"नाही. आपण गेलो तर घरटं त्याला आपणच दाखवू."

रात्रभर मला झोप नाही. सकाळी घरटं रिकामं होतं. मुग्धा वाकून बघू लागली.

पण गोळा फाटलेला नव्हता. आणि झुडपाच्या बुंध्याशी बारीक चिवचिव. शेपटी न फुटलेली पिल्लं पाचोळ्यात तोंड वासून बसली होती. एक. दोन. लांब जाऊन तासभर पाहत राहिलो. तिसरं दिसलं नाही.

"कदाचित झुडपात आत असेल, मावशी. सोड ना यार."

"नोंदवहीत काय लिहिलंस?"

"दोन."

"दहीभाताचंही लिही. माझ्या नावासकट."

तिने लिहिलं. मग मला मिठी मारली आणि म्हणाली, "टू इज स्टिल अमेझिंग." दोन घरट्यातून सुखरूप बाहेर आली होती, हे खरंच.

घरी आले, तर मागच्या कुंपणात रॉबिन पक्ष्याने घरटं केलंय. घास रोज काढते, पण सध्या तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच राहतो. पिल्लं उडेपर्यंत कावळ्याने थांबावं.