उजेडाची प्रदक्षिणा आणि माझं बोटभर कुंकू

देवघरात निर्माल्य साठतं ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. रोज थोडे थोडे, कोपऱ्यातल्या पिशवीत. टाकवत नाहीत आणि ठेवताही येत नाहीत. एक दिवस पिशवी उचलावीच लागते.

माझी सून मानसी इथे जळगावातच एका कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडी करते. तिथे तिचे सर आहेत आणि लॅब सांभाळणारी सलमा आहे. मी दुपारी डबा घेऊन जाते, एवढाच माझा संबंध. तरी या सगळ्या किश्श्यांत मूर्ख ठरलेली बाई एकच! हसा खुशाल. शेवटचा सांगताना माझी मान खाली असेल, तेवढं चालवून घ्या.

* * *

लग्न होऊन आली तेव्हाच मी तिला विचारलं होतं, "तू करतेस तरी काय गं दिवसभर?"

"आई, काचेसारख्या पदार्थाचं एक कडं असतं. खसखशीच्या दाण्याहून लहान. त्यात उजेड सोडायचा. तो लवकर बाहेर पडत नाही, आतच गोल गोल फिरतो."

"म्हणजे प्रदक्षिणाच की!"

"तसंच. हजारो. तुमची पापणी लवायच्या कितीतरी आधी."

त्याच आठवड्यात मी गल्लीतल्या पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घातल्या होत्या. आणि मग चार दिवस भेटेल त्या बाईला गुडघे कसे दुखतात ते सांगत होते. उगाच कुणाला कळायचं राहून जायला नको!

मी म्हटलं, "इतक्या फेऱ्या तो मोजतो कशा?"

"तो कुठे मोजतो, आई? तो नुसता फिरतो. मोजतो आम्ही."

मी गुडघ्यांचा बाम गुपचूप कपाटात ठेवला.

* * *

या कड्यात एका रंगाचा उजेड गेला की तो अनेक रंगांचा होऊन बाहेर येतो. ते रंगही कसे, फणीच्या दातांसारखे सारख्या अंतरावर. उजेडाची थरथर इतकी वेगवान की कुठल्या यंत्राला ती थेट मोजता येत नाही. या फणीने मोजता येते, आणि त्यावर अतिशय नेमकं घड्याळ चालतं. हे मी तीनदा ऐकून पाठ केलं.

माझे थोरले भाऊ शिंदखेड्याहून आले, आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांच्यापुढे मी सगळं धडाधड म्हणून दाखवलं. नानांनी शांतपणे चहा संपवला.

"इतलं बारीक घड्याळ कोणले लागस वं? मनी शिंदखेडानी बस तं अर्धा तास लेट शे!"

मानसी हसता हसता ओट्याला टेकली. माझं पाठांतर तिथेच संपलं.

* * *

आमच्या हॉलमधलं घड्याळ पहिल्यापासून दहा मिनिटं पुढे असतं. पूजा, आरती, नैवेद्य, काहीच चुकायला नको म्हणून मीच पुढे ठेवते. घरात सगळे ते मनात वजा करूनच बघतात.

एकदा सर चहाला आले. कप तोंडाला लावला, घड्याळाकडे नजर गेली, आणि "अरे, माझं लेक्चर!" म्हणून उठले ते थेट स्कूटरवर. मानसी फाटकापर्यंत धावली, "सर, सर, ते पुढे आहे!"

सर परत आले. खुर्चीत बसले. बराच वेळ त्या घड्याळाकडे बघत राहिले.

"मानसी, आपण एका सेकंदाचे किती तुकडे करायला निघालोय! आणि तुझ्या घरी आख्खी दहा मिनिटं भिंतीवर टांगलीत."

चहा गार झाला होता. दुसरा करताना मला वर बघवेना.

* * *

लॅबमध्ये शिरल्यावर सलमाचा पहिला नियम, "काकू, टेबलापासून लांब." का, ते एका चतुर्थीला कळलं. मी साबुदाण्याची खिचडी नेली होती, वाफाळती. मानसी कामात दिसली म्हणून डबा जरा तिच्या टेबलाच्या कडेला टेकवला, झाकण उघडून.

स्क्रीनवरची रेष सरकायला लागली. मानसी बटणं फिरवतेय, सर चष्मा पुसतायत, रेष काही जागेवर येईना. सलमा माझ्यामागे येऊन हळूच म्हणाली, "काकू, तुमची खिचडी टीव्हीवर आली!"

त्या कड्याला एवढीशी ऊबही सोसत नाही. डबा उचलून मी व्हरांड्यात गेले. सलमा मागोमाग आली आणि म्हणाली, "द्या इकडे, मी सांभाळते." तेव्हापासून डबा रोज तिच्या हातात द्यायचा, असं ठरूनच गेलं.

* * *

आता खंडेनवमीचा.

त्या दिवशी मी विळी, कात्री, शिवणयंत्र, सगळ्याला हळदकुंकू वाहते. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा. मनात आलं, मानसीचं हत्यार तर लॅबमध्ये आहे! महिनोन् महिने वाट बघून परदेशातून आलेली ती चिप, आणि त्यावर ते कडं.

मानसी आणि सर धुळ्याला गेले होते. सलमा म्हणाली, "काकू, लांबूनच नमस्कार करा हं." तेवढ्यात ऑफिसातून तिला हाक आली. ती गेली. मी पारदर्शक झाकण उचललं आणि कडेला एकच बोट कुंकू लावलं. अगदी कडेला. झाकण लावून हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपून लॅब उघडली, आणि उजेड फिरेना.

सरांनी विचारलं, "सुट्टीच्या आदल्या दिवशी आत कोण होतं?"

सलमा म्हणाली, "मीच होते, सर."

माझं नाव तिने घेतलंच नाही. सर म्हणाले, "कळेपर्यंत चावी माझ्याकडे राहू दे." सहा वर्षं लॅबचं कुलूप तीच उघडत होती. आता रोज सकाळी दाराबाहेर उभी, मानसी येईपर्यंत. मानसीने घरी हे सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

आणि मी केलं काय? सोळा सोमवार धरले! सलमाला चावी परत मिळू दे म्हणून. तोंड उघडणं एका मिनिटाचं काम होतं, मी चार महिन्यांचं व्रत घेतलं. एका सोमवारी डबा घेताना तिने माझ्या हातात चार खजूर ठेवले, "उपास आहे ना, काकू? चेहरा उतरलाय."

ते खजूर मला गिळवेनात.

तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी मी उपास सोडायला बसले, तर मानसीने ताटाशेजारी फोन ठेवला. सूक्ष्मदर्शकातला फोटो. गोल, गुळगुळीत वाट, आणि तिच्यावर दगडासारखा आडवा पडलेला एक लाल कण.

"ते कुंकू आहे गं. माझं," मी म्हटलं. "हे सोमवार मी सलमासाठीच धरलेत."

"सोळा झाल्यावर सांगणार होता का, आई?"

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. सरांसमोर, सलमासमोर सगळं सांगितलं. सरांनी ड्रॉवरमधून चावी काढून टेबलावर ठेवली. "सलमा, चुकलं माझं."

सलमाने चावीकडे पाहिलं. "आज नको, सर," म्हणाली आणि बाहेर गेली. माझा डबा तसाच हातात राहिला.

त्यानंतर मी कॉलेजची पायरी चढले नाही. ती चिप पुन्हा धड झाली नाही. मानसीचं काम नव्या चिपसाठी महिनोन् महिने थांबलं. चावीचं काय झालं ते तिला विचारायची मला हिंमत झाली नाही. उरलेले सोमवार केले, पण देवापुढे मागायला तोंड नव्हतं.

यंदा खंडेनवमीला सकाळीच फोन आला. सलमा!

"काकू, येताय ना? कोयरी घेऊन या."

मी कोयरी घेऊन गेले. लॅबच्या दाराबाहेर स्टुलावर पांढरा रुमाल, त्यावर छोट्या डबीत ती जुनी, बिघडलेली चिप. मी कोयरी उघडली, बोट कुंकवात टेकवलं, आणि तिथेच अडले. पुढे होईना.

"तिला नको, काकू," सलमा म्हणाली. तिने मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर लॅबची चावी होती.

"माझं हत्यार हे."