पुरं वाचणारी सिस्टरमावशी

घाई करा म्हटलं की सिस्टरमावशी, माझ्या आईची नर्स बहीण, मुद्दाम हळू व्हायची. औषधाची बाटली उचलताना, औषध काढताना आणि बाटली परत ठेवताना ती प्रत्येक वेळी वरची चिठ्ठी ओठ हलवत वाचायची. नर्सचं शिक्षण घेताना अंगी मुरलेली शिस्त. गुजराती मुलखात, पांडेसऱ्याच्या आमच्या चाळीत माझा भाऊ तापाने फणफणला होता, तेव्हा वडील तिच्यावर डाफरले. ती म्हणाली, "दाजी, खुशाल वरडा. पन माले पुरं वाचू द्या." घरी ती मिठाची पुडीसुद्धा वाचायची आणि आम्ही तिला चिडवायचो.

पुढे मी वेबसाइट तपासायच्या कामाला लागले. वापरणाऱ्याला पडद्यासमोर बसवायचं, एक काम सांगायचं आणि तो कुठे अडतो ते गप्प राहून बघायचं. बोटसुद्धा दाखवायचं नाही. गेल्या वर्षी नर्सच्या एका संघटनेची नवी वेबसाइट आली. ती पास झाली की कार्यालयातली सभासदांची खिडकी बंद, सगळं फोनवरच. तपासणीसाठी बोलावलेल्या नर्समध्ये मावशीही होती.

तिला दिलेलं काम नमुन्याचं नव्हतं, स्वतःचं सभासदत्व खरंच नव्याने भरायचं होतं. सभासदत्व त्याच दिवशी संपत होतं, आणि नव्या दाखल्याशिवाय इस्पितळ तिला पुढचं कंत्राट देणार नव्हतं. मावशी मराठी शाळेतली. गुजराती, इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायची. वरून खालपर्यंत वाचलं, बटणापाशी आली आणि पुन्हा वर गेली. तेवढ्यात ठरलेली वेळ संपून पान आपोआप बंद झालं. पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा तेच. ‘मावशी, दाब ना ते हिरवं बटण,’ असं अगदी ओठांवर आलं होतं.

संघटनेचे चिटणीस मागे येरझाऱ्या घालत होते. शेवटी खाली वाकून म्हणाले, "सिस्टर, बोल दो ना ठीक है. आपका मैं अंदर से कर देता हूँ."

मावशीने चष्मा काढला.

"मेरा तो आप कर दोगे, भाई. पलसाणा, सचिन के गाँवों की नर्स लड़कियों का कौन करेगा? वो भी मेरे जैसा पढ़ती हैं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिखी ले बेटा. व्हयनं नही."

मी लिहिलं: काम झालं नाही. चिटणीस पाय आपटत निघून गेले.

वेबसाइट लांबणीवर पडली. मावशीचं सभासदत्व पुढे खिडकीवर, रांगेत दिवस घालवून झालं, पण तोवर इस्पितळाने दुसरी नर्स ठेवली होती. या वयात नवी जागा कोण देणार? ती अमळनेरकडे गावी निघून गेली. मला तिचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता.

वेबसाइट दुरुस्त होऊन सुरू झाली, तेव्हा मी लगेच फोन केला. "मावशी, आता पान बंद होत नाही. मराठीतही आहे. कितीही वेळ वाचत बस!"

"बरं व्हयनं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन बेटा, आते मी कोठे सिस्टर शे?"