दाराआडची हिंदी

कल्पनाबाई लग्न करून साताऱ्याहून दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा त्यांना हिंदी यायची ती सिनेमापुरती. शेजारच्या चोप्राबाईंना त्या एकदा तावातावाने म्हणाल्या, "मुझे बहुत राग आया!" चोप्राबाई हौसेने पुढे सरसावल्या, "तो सुनाइए ना!"

हा किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. दुसरी गोष्ट मात्र एकट्या रेवतीला, त्यांच्या मुलीला, ठाऊक होती. शाळा लवकर सुटली म्हणून ती एकदा भरदुपारी घरी आली. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं, स्वयंपाकघराचं आतून लावलेलं. आत आई दोन आवाजांत बोलत होती, कधी चोप्राबाई होऊन, कधी स्वतः.

"कैसी हो, बहनजी?"

"ठीक हूँ. लेकिन यहाँ मेरे को कोई नहीं है." मग जरा थांबून, "मेरी कोई नहीं है... मेरा कोई नहीं है."

वाक्य जिभेवर बसेपर्यंत आई तेच घोटत राहिली. रेवती दप्तरासकट जिन्यात जाऊन बसली.

पुढे क्वार्टर सुटलं. रेवतीला परदेशी कंपनीत नोकरी लागली, पुष्करशी लग्न झालं, गुडगावच्या नव्या सोसायटीत फ्लॅट झाला आणि रिटायर झालेले बाबा आईला घेऊन तिच्याकडे राहायला आले. आईची हिंदी आता चांगली वळणावर आली होती. खालच्या लॉनवर पंजाबी बायकांचा अड्डा जमायचा, त्यात तिचा आवाज सगळ्यांत वर असायचा.

अठ्ठ्याण्णव साली मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी रेवतीने बालपणाच्या आठवणींवर लेख लिहिला. फराळ, आकाशकंदील, गच्चीवरच्या खाटा. संपादक सुधाकर यांनी तो परत केला. "गोड आहे. पण हे कुणाच्याही घरचं असू शकतं. तुमच्या घरचं काय?"

रेवतीला टोचलं. तिने मग 'राग'चा किस्सा आणि ती दुपार लिहून काढली. आईला आधी विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. पण आई नको म्हणणार हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिने विचारलं नाही.

सुधाकर बेहद्द खूश झाले. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी तिला लेख वाचायला लावला. 'राग' आला तेव्हा हॉल खदखदून हसला. शेवटचं 'मेरा कोई नहीं है' आलं तेव्हा डोळे पुसणाऱ्या बायका रेवतीला दिसल्या. दुसऱ्या रांगेतली आई मांडीवरच्या पर्सकडे बघत होती आणि बाबा आईकडे.

परतताना गाडीत, वाटेवरचं महिपालपूर मागे पडल्यावर बाबांनी विचारलं, "तुला असं वाटायचं? कोणी नाही असं?"

"जुनी गोष्ट आहे," आई म्हणाली.

"मी होतो ना."

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर रेवती आईच्या खोलीत गेली. "आई, वाईट वाटलं तुला?"

"लिहिलंस ते खरंच आहे गं. छान लिहिलंस." आई साडीची घडी घालत होती. घडी पुरी करून तिने ती कपाटात ठेवली. "पण मी दार लावलं होतं, रेवती."

सकाळी रेवतीने सुधाकरना फोन केला. लेख छापू नका म्हणाली.

"अहो, त्या एका वाक्यात अख्ख्या लेखाचा जीव आहे! हॉल बघितलात ना तुम्ही?"

"बघितला. ते वाक्य माझं नव्हतं काका."

लेख अंकात आला नाही. पण ऐकलं त्यांनी ऐकलं होतंच. बाबा आता आईला उगाच चहा करून द्यायचे, बाजारात तिच्याबरोबर निघायचे, आणि आई त्यांना म्हणायची, "अहो, बसा की निवांत." त्यांचा तो ओशाळा चेहरा बघवत नसे. एवढ्या वर्षांच्या संसारातून त्यांना असं अचानक उठवून बाहेर उभं केलं ते आपण, हे रेवतीच्या मनातून जाईना.

थंडी पडली तशी आई पुन्हा लॉनवर जाऊ लागली. एका रविवारी रेवती शाल घेऊन खाली उतरली. आई हात उडवत कुणाची तरी नक्कल करत होती, बायका हसून लोटपोट झाल्या होत्या. रेवती दिसली आणि आई बोलता बोलता थांबली.

"काय गं?" तिने मराठीत विचारलं.

"काही नाही. शाल."

शाल देऊन रेवती वळली. इमारतीला वळसा घालून ती मागच्या बाजूने वर गेली. आईला पुन्हा बोलायला लागता यावं म्हणून.